पान नंबर एकसष्ट

नाकेदारांच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी वहीत नाव लिहावं लागे. माणूस दार उघडून सीटवर टेकला, की पुढून खाकी पुठ्ठ्याची एक जाड वही मागे येई, तिला दोरीनं बांधलेलं पेन. नाव, गाव, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ, कारण, सही. ज्याला सही येत नसे त्याच्यासाठी चहाचा ग्लास ठेवायच्या खोबणीत निळ्या शाईचं पॅड होतं. अंगठा टेकवायचा. तोवर गाडी जागची हलत नसे. कोणी घाई केली तर ते आरशातून बघत म्हणत, "सहीबिगर हे गाडी सुरूच नाही होत बाप्पा. कंपनीनं तशीच बनवली."

त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंनाही, यातून सूट नव्हती. त्यांच्या नोंदी मी नंतर वाचल्या. कारणाच्या रकान्यात कुठे 'लग्न', कुठे 'डोळे तपासणे' आणि एका ठिकाणी 'नवऱ्याची हौस'. त्याखाली काकूंची ठसठशीत सही.

ते वनखात्यात होते. साकोलीकडे, नागझिऱ्याच्या कडेच्या एका नाक्यावर त्यांची सारी नोकरी गेली. आमच्या भागात अशा माणसाला नाकेदार म्हणतात. निवृत्त होऊन ते अड्याळला आपल्या गावी आले तेव्हा नाका मागे राहिला, नाव तेवढं बरोबर आलं. नाक्यावर जंगलात जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहायचं आणि संध्याकाळी आत गेलेले आणि बाहेर आलेले जुळवायचे, हे त्यांचं काम. जुळले नाहीत तर ते जेवत नसत. एकदा मोहफुलं वेचायला गेलेली एक म्हातारी बाहेर आल्याची नोंद नव्हती. सोबतचे लोक म्हणाले, दुसऱ्या वाटेनं गेली असेल घरी. हे ऐकेनात. उजाडताच चौकीदारांना घेऊन गेले, तर ती पाय मुरगळून झाडाखाली बसलेली. तिनं आधी यांनाच शिव्या दिल्या, म्हणे इतका उशीर काहून केला. हे सांगताना ते फार खूश असत. "आत लिहिलं का? मंग बाहेरबी लिहाचं. मधात माणूस सोडाचा नाही."

दुसरी गोष्ट तुपाच्या डब्याची. एका लाकूड ठेकेदारानं नाक्यावरच्या टेबलाखाली तुपाचा डबा ठेवला आणि निघून गेला. यांनी रजिस्टर काढलं आणि लिहिलं. नाव: तुपाचा डबा. आत: सकाळी अकरा. कारण: चुकून. पुढच्या खेपेला ठेकेदाराचा ट्रक अडवून त्याच्याकडून डब्याची 'बाहेर'ची सही घेतली आणि डबा त्याच्या मांडीवर ठेवला. अख्ख्या नोकरीत त्यांनी कोणाचा एक चहा घेतला नाही, असं साकोलीकडचे लोक सांगतात. काही जण कौतुकानं सांगतात, काही जण वेडा होता म्हणून.

मीही अड्याळचाच. भंडाऱ्याला हायवेवर गाड्यांचं एक शोरूम आहे, तिथे मी वॉरंटीच्या टेबलावर बसतो. नाकेदारांनी ती पांढरी गाडी आमच्याकडूनच घेतली. वाढीव वॉरंटी मीच त्यांना घ्यायला लावली. खिशातून भिंग काढून त्यांनी ती पुस्तिका माझ्यासमोर पहिल्या पानापासून वाचली. दोन तास लागले. प्रत्येक कलमाला बोट ठेवून विचारत, "हे का होय?" व्यावसायिक वापर केल्यास वॉरंटी रद्द, या कलमावर बोट आलं तेव्हा मी म्हणालो, "काका, ते टॅक्सीवाल्यांसाठी. भाडं घेऊन सवारी नेणाऱ्यांसाठी. तुमचा त्याच्याशी काय संबंध?"

"म्हणजे भाडं घेतलं तरच नं?"

"हो काका."

"पक्कं?"

"पक्कं."

मग त्यांनी सही केली. हे 'पक्कं' मला नंतर फार आठवलं.

ते रोज सकाळी अड्याळहून भंडाऱ्याला जात. कामाला नव्हे. वाचनालयात वर्तमानपत्र वाचत, एक चहा पीत आणि दुपारी परत. गाडी रोज फिरवली नाही तर झोपते, असं त्यांचं म्हणणं. वेग चाळीस. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत, हे हात बाहेर काढून त्यांना पुढे जायला सांगत. वाटेत एसटीची वाट बघणारे दिसले की गाडी थांबे. भाजीवाल्या बाया, कॉलेजच्या मुली, कोर्टाच्या तारखेला निघालेले म्हातारे, सगळ्यांच्या नोंदी. आठवडी बाजाराच्या दिवशी तर अर्ध्या बाजाराचे अंगठे निळे असत. पैसे कोणी काढलेच तर ते फार चिडत. "नाक्यावर पैसे घेतले नाही, आता म्हातारपणी घेऊ का गा?"

एक दिवस मीही त्या गाडीत बसलो. त्या सकाळी वडिलांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिकावाला येतो येतो म्हणत होता. मी त्यांना आधार देत रस्त्यापर्यंत आणलं, आणि समोरून ती पांढरी गाडी आली. आम्ही बसलो. वही मागे आली.

मी ओरडलो, "काका, आता?"

"दहा सेकंद, बाबू. लिही."

मी लिहिलं. वडिलांचं नाव, माझं नाव, कारण 'वडिलांना दवाखाना', सही. वडिलांच्या वतीनंही मीच सही केली. मग त्यांनी गाडी काढली, आणि चाळीसनं चालणारा तो माणूस त्या दिवशी काय वेगानं गेला हे मी सांगूनही गावात कोणाला पटत नाही. पूर्ण वाटभर ते वडिलांशी बोलत राहिले. "दादा, झोपाचं नाही हं. पाह्यतं का, धान कसा झाला यंदा? हे बांधी कोणाची होय, सांगा बरं?" वडील हळूच त्या शेताच्या मालकाचं नाव सांगत. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं, मी त्याच्यामागे धावलो. बाहेरची सही राहिली.

तिसऱ्या दिवशी वडील गेले.

पुढे दीडेक वर्षानं त्या गाडीचा गिअर अडकायला लागला. नाकेदार गाडी ढकलत आणल्यासारखे वर्कशॉपमध्ये आले. आमच्या लोकांनी तपासलं, गिअरबॉक्सचंच काम निघालं, मोठं. वाढीव वॉरंटीत बसणारं. पण तेव्हा आमच्याकडे वारं वेगळं होतं. आधीच्या काही दाव्यांवर कंपनीनं आक्षेप काढले होते आणि मॅनेजर रोज आम्हाला ऐकवत होते, की दावा पुढे पाठवायच्या आधी नाकारायचं कारण सापडतं का ते बघा.

मी कसा वागलो ते सांगताना मला पुष्कळदा वाटतं, की मॅनेजरनं माझ्यावर दबाव आणला असं म्हणावं. तसं घडलं नाही. चहाच्या वेळी गप्पा चालल्या होत्या, कोणीतरी विक्षिप्त गिऱ्हाइकांचे किस्से सांगत होतं, आणि मी हसवायला म्हणून सांगितलं, "आमच्या गावच्या नाकेदारांच्या गाडीत तर बसायला सही लागते. वही आहे वही! डॅशबोर्डात ठेवली आहे." सगळे हसले. मॅनेजर हसले नाहीत. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"वही आहे? रोजच्या सवाऱ्यांची?"

"सर, ते फुकट नेतात. सगळ्या गावाला माहीत आहे."

"वहीत फुकट लिहिलं आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग झालं ना यार."

मला वही झेरॉक्स करायला सांगितली. नाकेदारांनी त्या वहीच्या प्रत्येक पानाला नंबर घातले होते, सरकारी रजिस्टरला घालतात तसे, म्हणजे मधलं पान कोणी फाडू नये. मी एकेक पान काचेवर ठेवत होतो. एकसष्टावर आलो आणि माझंच अक्षर दिसलं, वाकडंतिकडं. वडिलांची ओळ. तिच्यात 'बाहेर'चा रकाना भरलेला होता. अक्षर नाकेदारांचं. वडील गेले तो दिवस आणि ती वेळ, मिनिटांसकट. आमच्या घरी येऊन त्यांनी कोणाला तरी विचारली असणार. खाली माझ्या ओळीत 'बाहेर' तेवढं कोरं.

मागून कोणीतरी विचारलं, "झालं का?" मी ते पान उलटलं आणि बासष्ट काचेवर ठेवलं.

मग पत्र तयार केलं. 'सदर वाहनाचा वापर भाडेतत्त्वावर प्रवासी वाहतुकीसाठी होत असल्याचे आढळून आले, सबब वॉरंटी दावा अमान्य.' तपासणाऱ्याची सही म्हणून माझी सही.

ते पत्र त्यांना मी टपालानं पाठवलं. रोज ज्या माणसाच्या घरावरून जातो त्याला टपालानं.

दोन दिवसांनी ते शोरूममध्ये आले. माझ्या टेबलासमोर बसले, पत्र उलगडलं आणि भिंग लावून एका शब्दावर बोट ठेवलं. "भाडेतत्त्वावर. हे का होय?"

मी म्हणालो, "काका, वरून आलं आहे. माझ्या हातात काही नाही."

"सही तर तुही होय."

"करावी लागते काका."

त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "गिअर बनवून नका देऊ बाप्पा. मी पायी फिरीन. पण हे भाडं मिटवा. मी भाडं नाही घेतलं." आवाज मुळीच चढला नव्हता. मी मॅनेजरच्या खोलीकडे हात केला. ते तिकडे गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. जाताना माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील लावला नाही. गाडी आमच्या आवारात धूळ खात उभी राहिली आणि ते एसटीनं फिरू लागले. गावात कुजबुज सुरू झालीच. "सवाऱ्या मारत होता म्हणते, कंपनीनं पकडला." बाजारात कोणीतरी त्यांना तोंडावर विचारलं, "काय नाकेदार, ब्लॅकमधी धंदा करत होते का जी?" ते तिथून सरळ घरी गेले, आणि त्यानंतर बाजारात यायचे थांबले. हे मला माझ्या बायकोनं सांगितलं. तिला पत्र मी लिहिलं हे माहीत नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी मी आमच्या वकिलाच्या मागे फाईल धरून बसलो होतो. समोर नाकेदार, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, मांडीवर मूळ वही. ती त्यांनी पोच देऊन आमच्याकडून परत मागून नेली होती. दाराबाहेर व्हरांड्यात अड्याळच्या दहाबारा बाया आणि माणसं टेम्पो करून येऊन बसली होती. त्यांना कोणी साक्षीला बोलावलं नव्हतं.

अध्यक्ष मॅडम झेरॉक्स चाळत होत्या. एकदम थांबल्या.

"साठनंतर बासष्ट. एकसष्ट कुठे आहे?"

आमच्या वकिलांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी फाईल उलटीसुलटी केली. "राहून गेलं असेल," मी पुटपुटलो.

मॅडम नाकेदारांना म्हणाल्या, "मूळ वही तुमच्याकडे आहे ना? ते पान दाखवा."

ते उठून उभे राहिले. वही त्यांनी छातीशी धरली. "आहे साहेब. पण ते पान मी नाही दाखवत. त्याच्यावर एक बिमार माणूस आहे. तो मेला. त्याच्या घरच्याइले इचारल्याबिगर मी ते पान कोणाले दाखवणार नाही."

"तुमच्या फायद्याचं असेल तर?"

"तरी नाही साहेब. इचारल्याबिगर नाही."

घरचा माणूस त्यांच्यापासून सात-आठ हातांवर बसला होता. मी मान वर केली असती तर पुरे होतं. हो, दाखवा, एवढं म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं. शोरूमचाच नोकर त्या गाडीतून फुकट गेला होता याहून मोठा पुरावा काय असणार? ते माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते. मी फाईलच्या दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

मॅडमनी जोर केला नाही. पुढची पानं वाचू लागल्या, आणि एका ठिकाणी त्यांना हसू फुटलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं. "नाव, वांगे, अंदाजे दोन किलो. गाव, अड्याळ. कारण, बाईने जाणूनबुजून ठेवले. बाहेर, त्याच दिवशी, बाईच्या घरी." पुढे एका अंगठ्याचा ठसा.

दाराबाहेरून एक बाई ओरडली, "माहीच वांगे होत ते! चार कोस वापस आला द्याले. असा हट्टी माणूस नाही पाह्यला मी."

सगळे हसले. मॅडमनी आमच्या वकिलांना विचारलं, "जो माणूस दोन किलो वांगी नोंद करून परत करतो, तो भाडं घेतो असं तुमचं म्हणणं आहे?" झेरॉक्स करताना ती ओळ मी वाचलीच नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत तडजोड झाली. आम्ही वॉरंटीत गिअरबॉक्स बदलून द्यायचा. भरपाईचं विचारलं तर नाकेदारांनी हात हलवला. त्यांची एकच अट होती. ज्यानं पहिलं पत्र लिहिलं त्यानंच दुसरं लिहायचं, की भाडं घेतलं नाही. मॅनेजर लगेच हो म्हणाले. मी तिथेच बाकावर बसून लिहिलं, 'सदर ग्राहकाने कोणाकडूनही भाडे घेतलेले नाही.' त्यांनी भिंगातून वाचलं आणि कागद परत माझ्यापुढे ठेवला.

"तुले कसं माहीत? तेबी लिही."

मॅनेजर शेजारीच उभे होते. मला नोकरी दिसत होती, मुलीचं कॉलेज दिसत होतं. मी वाक्याच्या सुरुवातीला एक शब्द घातला, 'चौकशीअंती'.

त्यांनी तो वाचला. "चौकशी," ते म्हणाले. "बरं." कागदाची घडी करून वहीत ठेवली. कोणत्या पानात ठेवली ते मी पाहिलं.

गाडी दुरुस्त होऊन गेली. पुन्हा चाळीसच्या वेगानं अड्याळ-भंडारा सुरू झालं, पुन्हा बाजारात निळे अंगठे दिसू लागले. मी मात्र वेळ बदलली. साडेसातची एसटी धरू लागलो, म्हणजे त्यांची गाडी निघायच्या आत मी गेलेलो असे. शोरूम उघडायला पाऊण तास असे. मी बंद दारासमोर पायरीवर बसून राही.

गेल्या महिन्यात एक दिवस साडेसातची आलीच नाही. आठ झाले, सव्वाआठ झाले. पांढरी गाडी आली आणि माझ्यासमोर थांबली. मागे एक भाजीवाली बसलेली. नाकेदारांनी पुढचं दार उघडलं. "बस."

मी बसलो. वही मांडीवर आली. चालू पान दोनशेच्या पुढे होतं. मी मागे मागे गेलो, एकसष्टापर्यंत. घडी केलेलं पत्र तिथेच होतं. पानाच्या तळाशी थोडी जागा कोरी होती. मी लिहिलं, 'पत्रात चौकशीअंती लिहिले ते खोटे. वडिलांना घेऊन मी स्वतः या गाडीत बसलो. भाडे घेतले नाही. हे पान मी मुद्दाम झेरॉक्स केले नाही.' आणि सही केली.

"चालू पान ते नाही होय," ते म्हणाले.

"माहीत आहे काका."

त्यांनी वही घेतली, भिंग काढलं, वाचलं. मागून बाई म्हणाली, "काय झालं जी, उशीर होऊन राहिला नं." त्यांनी वही मला परत दिली आणि गाडी सुरू केली. वाटेतलं पहेला गाव मागे पडलं. मग ते एवढंच म्हणाले, "तुहे बाबा हुशार होते. त्या दिवशी सगळ्या बांध्या बरोबर सांगतल्या."

भंडाऱ्यात ते नेहमी बसस्टँडपाशी सोडत. बाई तिथे उतरली. मीही उतरू लागलो तर म्हणाले, "बस." गाडी सरळ हायवेवर, आमच्या शोरूमच्या फाटकापाशी नेली. मॅनेजर नुकतेच येऊन बाहेर फोनवर बोलत उभे होते.

"बाहेरची वेळबी तिथंच टाक," नाकेदार म्हणाले.

मी उतरलो, वही बॉनेटवर ठेवली आणि एकसष्ट नंबरच्या पानावर, माझ्या कोऱ्या रकान्यात तारीख आणि वेळ घातली. मॅनेजर फोन ठेवून जवळ आले. "काय लिहून राहिला?"

मी वही त्यांच्यापुढे केली. त्यांनी वाचलं. मला वाटलं आता काही होणार. ते हसले.

"हे? अरे, तेव्हाच सांगितलं असतंस तर! तुझ्या वडिलांची गोष्ट होती ना यार. पत्र बदलून टाकलं असतं. कोर्टात कशाला गेलो असतो?"

त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि चहा सांगायला आत गेले.

मी वही खिडकीतून आत दिली. नाकेदारांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी एकसष्टावरची वेळ आपल्या घड्याळाशी ताडून बघितली, मान हलवली आणि वही डॅशबोर्डात ठेवली. मग हात बाहेर काढून मागच्या ट्रकला थांबवलं आणि चाळीसच्या वेगानं निघून गेले. नऊ वाजून चार मिनिटं झाली होती. शोरूम उघडलेलं होतं.